वाल कच्चे का खात नाहीत? प्रोटीन वेगळं काढणाऱ्या कमला सोहोनी यांची गोष्ट

थंडी पडली की विरारच्या बाजारात वालपापडीचे ढीग दिसायला लागतात. ज्यांच्या घरी उकडहंडी होते त्यांना वेगळं सांगायला नको. सुके वाल तर बारा महिने घरात असतातच. रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलत बसायचं. एवढी मेहनत करून पुन्हा ते नीट शिजवायचे. कच्चे का नाही खायचे, असं लहानपणी विचारलं की उत्तर ठरलेलं: पोट दुखेल.

पण पोटात गेल्यावर नेमकं काय होतं? वालातला कोणता पदार्थ हा उद्योग करतो? याचं उत्तर शोधणाऱ्यांपैकी एक बाई आपल्याच लोकलच्या दुसऱ्या टोकाला काम करत होत्या. विरारहून चर्चगेटला उतरायचं आणि फोर्टच्या दिशेने थोडं चालायचं, की मादाम कामा रोडवर इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची दगडी इमारत लागते. तिथल्या जीवरसायन विभागात १९५० च्या दशकात वाल, डबल बी, नीरा असल्या साध्या गोष्टींवर संशोधन चालायचं आणि ते चालवणाऱ्या होत्या डॉ. कमला सोहोनी. हे नाव तुम्हाला नवीन असेल तर एक खूण सांगतो. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण.

बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्यांना प्रॅक्टिकलमध्ये जेल, बफर, निळे पट्टे हे सगळं एकदम समोर येतं आणि प्रत्येक पायरी का करायची तेच कळत नाही. म्हणून आज प्रोटीन वेगळं कसं काढतात आणि ओळखतात कसं, हे आपण त्यांच्या आयुष्यातून समजून घेऊ. जेल येण्याच्या आधीच्या काळातलं काम बघितलं की जेलचं महत्त्व जास्त कळतं.

बंगळूरचं दार

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या आय.आय.एस्सी.मधून, अगदी सुरुवातीला शिकून बाहेर पडलेल्यांपैकी. त्यामुळे मुलीनेही तिथेच जायचं हे जवळपास ठरलेलंच होतं. १९३३ मध्ये त्या मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या, रसायनशास्त्र मुख्य विषय आणि यादीत पहिला नंबर. बंगळूरला अर्ज पाठवला. नकार आला. कारण गुण कमी होते असं नाही, तर अर्ज मुलीचा होता.

तेव्हा तिथे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावर बहुतेक जण परत फिरले असते. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि नकाराचं कारण मागत त्यांच्या कार्यालयात ठाण मांडून बसल्या. काळ गांधीजींचा होता, सत्याग्रह म्हणजे काय हे घराघरात माहीत होतं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष तात्पुरता प्रवेश, काम पसंत पडलं तरच पुढे मान्यता. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि प्रयोगशाळेतल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

तिसरी अट आज वाचतानाही डोकं गरम होतं. स्वतः कमलाबाई ती कधीच विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी हा अपमान जाहीरपणे बोलून दाखवला. रामन यांचं विज्ञान मोठं होतं म्हणून या गोष्टीवर पांघरूण घालायचं कारण नाही असं मला वाटतं. वर्षभराने त्यांचं काम बघून रामन यांनी मान्यता दिली आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला, हेही तितकंच खरं.

नायट्रोजन मोजला, पण प्रोटीन किती?

बंगळूरला त्यांना मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या. विषय होता दूध आणि डाळी-कडधान्यांमधली प्रोटीन्स. आता इथे थोडं थांबूया, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

डाळीत प्रोटीन किती, हे मोजायची जुनी आणि आजही वापरात असलेली पद्धत म्हणजे केल्डाल पद्धत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ती १८८३ मध्ये मांडली. नमुना कडक गंधकाम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढायचा आणि मोजायचा. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणलं की प्रोटीन मिळालं. पाकिटावर छापलेला प्रोटीनचा आकडा बऱ्याचदा याच वाटेने आलेला असतो.

गडबड अशी आहे की ही पद्धत प्रोटीन बघतच नाही, फक्त नायट्रोजन बघते. सुटी अमिनो आम्लं, युरिया आणि इतर लहानसहान नायट्रोजनयुक्त पदार्थ, सगळेच प्रोटीन म्हणून मोजले जातात. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरमध्ये मेलामाइन मिसळलेलं सापडलं, ते याच फटीचा फायदा घेऊन. मेलामाइनमध्ये जवळपास ६६ टक्के नायट्रोजन असतो. चिमूटभर टाकलं की पाणी घातलेलं दूधसुद्धा कागदावर भरपूर प्रोटीनचं दिसतं. आपल्याकडे दुधात युरिया मिसळतात त्यामागचं एक कारणही हेच.

कमलाबाईंच्या सुरुवातीच्या शोधनिबंधांपैकी एकाचा विषय नेमका हाच होता: डाळींमधला प्रोटीन नसलेला नायट्रोजन. म्हणजे डाळीच्या अर्कातून खरं प्रोटीन आधी बाजूला काढायचं आणि मग उरलेल्या पाण्यात किती नायट्रोजन राहतो ते बघायचं. वेगळं केल्याशिवाय मोजलं तर आकडा फसवा येतो. गरीब माणसाला प्रोटीन डाळीतूनच मिळतं अशा देशात हा फरक किरकोळ नव्हता.

वेगळं कसं करायचं? त्या काळाच्या युक्त्या स्वयंपाकघरातल्याच वाटतात. दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं ना? दुधातल्या केसीन या प्रोटीनवर विद्युतभार असतो, त्यामुळे त्याचे कण एकमेकांना ढकलत दुधात तरंगत राहतात. आंबटपणा वाढत वाढत पी.एच. ४.६ च्या आसपास आला की तो भार शून्यावर येतो, कण एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. प्रत्येक प्रोटीनचा हा बिंदू वेगळा असतो. त्यामुळे पी.एच. बदलत गेलं की एकेक प्रोटीन आपापल्या पाळीने खाली येतं.

दुसरी युक्ती मिठाची. अर्कात अमोनियम सल्फेट हा क्षार टाकत गेलं की तो पाण्याचे रेणू स्वतःकडे ओढून घेतो. प्रोटीनला विरघळून राहायला पाणी अपुरं पडतं आणि ते साका होऊन बसतं. काही प्रोटीन्स थोड्या क्षारात बसतात, काहींना खूप लागतो. मग तो साका परत पाण्यात विरघळवायचा, सेलोफेनच्या पिशवीत भरायचा आणि पिशवी स्वच्छ पाण्यात लटकवून ठेवायची. क्षार लहान, तो पिशवीच्या छिद्रांतून निघून जातो. प्रोटीन मोठं, ते आत राहतं. याला डायलिसिस म्हणतात. किडनीच्या पेशंटचं डायलिसिसही याच तत्त्वावर चालतं.

बटाट्यात दिसलेली रेघ

१९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम कॉलेज आणि सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायन प्रयोगशाळा. हॉपकिन्स म्हणजे व्हिटॅमिनच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. सुरुवातीला त्यांनी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर एन्झाइम्सवर काम केलं, पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर. प्रकाशसंश्लेषणातली हिल अभिक्रिया शिकला असाल, तेच हे हिल.

इथे वेगळं काढण्यापेक्षा ओळखण्याची पद्धत जास्त महत्त्वाची होती. सायटोक्रोम हे पेशीच्या श्वसनात काम करणारं लोहयुक्त, रंगीत प्रोटीन. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये दाखवलं होतं की त्याला बघायला पेशी फोडायचीही गरज नाही. स्नायूचा किंवा यीस्टचा पातळ थर घ्यायचा, त्यातून पांढरा प्रकाश सोडायचा आणि स्पेक्ट्रोस्कोपमधून बघायचं. इंद्रधनुष्यासारखा रंगांचा पट्टा दिसतो आणि त्यात काही ठिकाणी काळ्या रेघा. ज्या रंगाचा प्रकाश प्रोटीनने शोषून घेतला, तिथे रेघ. सायटोक्रोम सी ची ठळक रेघ हिरव्या भागात, ५५० नॅनोमीटरच्या आसपास येते. गंमत म्हणजे ती रेघ ये-जा करते. सायटोक्रोमने इलेक्ट्रॉन घेतला की रेघ उठते, हवेतल्या ऑक्सिजनच्या वाटेने इलेक्ट्रॉन पुढे गेला की पुसट होते. म्हणजे प्रोटीन तिथे आहे एवढंच कळत नाही, ते काम करतंय हेही डोळ्यांनी दिसतं.

वनस्पतींच्या बाबतीत हे अवघड होतं. हिरव्या पानात क्लोरोफिल एवढा प्रकाश खातं की बारीक रेघा दिसणं कठीण. बटाट्यात ती अडचण नाही. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून दाखवलं की वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं आणि श्वसनात भाग घेतं. आपण आणि बटाटा, दोघेही श्वास घेताना एकाच जातीचं प्रोटीन वापरतो. त्यावर त्यांनी प्रबंध लिहिला, टाइप केलेली जेमतेम ४० पानं. केंब्रिजला पोहोचल्यापासून १४ महिन्यांत पीएच.डी.

विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला, असं त्यांच्याबद्दल जागोजागी छापलेलं दिसतं. ते जरा जपून वाचा. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच अमेरिकेत मिशिगनहून डी.एस्सी. मिळाली होती. पहिली कोण या वादाने कमलाबाईंचं काम मोठंही होत नाही आणि लहानही.

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या.

वालातला अडवणारा

आता परत आपल्या वालाकडे. पोटात गेलेलं प्रोटीन तसंच्या तसं रक्तात जात नाही, आधी त्याचे तुकडे व्हावे लागतात. लहान आतड्यात हे काम करणाऱ्या कात्र्यांपैकी एक म्हणजे ट्रिप्सिन, स्वादुपिंडातून येणारं एन्झाइम. काही बियांमध्ये मात्र असं प्रोटीन असतं की ते या कात्रीच्या पात्यात जाऊन अडकून बसतं. कात्री बंद. बीच्या दृष्टीने हे कीटकांपासून संरक्षण, आपल्या दृष्टीने खाल्लेलं प्रोटीन वाया. याला ट्रिप्सिन इन्हिबिटर म्हणतात. सोयाबीनमधला इन्हिबिटर मोझेस क्युनित्झ यांनी अमेरिकेत १९४५ च्या सुमारास शुद्ध स्फटिकरूपात मिळवला होता.

सोयाबीन तेव्हा आपल्या ताटात नव्हतंच. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या खाण्यातल्या भाज्या आणि कडधान्यं तपासायला घेतली. के. एस. आंबे यांच्यासोबतचा त्यांचा वाल आणि डबल बीवरचा निबंध १९५५ मध्ये नेचरमध्ये आला. दोन्हींमधला ट्रिप्सिन अडवणारा पदार्थ त्यांनी स्फटिकरूपात वेगळा केला होता. मुंबईतल्या एका सरकारी प्रयोगशाळेतून वालाचा निबंध नेचरमध्ये!

स्फटिकाचं एवढं काय कौतुक, असं वाटेल. त्या काळी प्रोटीन शुद्ध झालं का, हे सांगणारी जेल कुणाकडेच नव्हती. स्वीडनच्या टिसेलियस यांचं वीज वापरून प्रोटीन वेगळं करणारं यंत्र १९३७ चं, पण ते अवाढव्य आणि महाग. स्फटिक व्हायला मात्र सगळे रेणू सारखे लागतात, ओबडधोबड मिश्रणाचा सहसा स्फटिक होत नाही. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी जॅक बीन नावाच्या शेंगेतून युरिएज एन्झाइमचा स्फटिक मिळवला, तेव्हाच एन्झाइम म्हणजे प्रोटीन हे जगाला पटायला लागलं. म्हणून स्फटिक हाती येणं म्हणजे शुद्धतेचा भक्कम पुरावा मानला जायचा.

पण त्याआधीचा प्रश्न: अर्काच्या पन्नास नळ्यांपैकी आपलं प्रोटीन कुठल्या नळीत आहे, हे ओळखायचं कसं? रंग नाही, वास नाही. इथे प्रोटीनला त्याच्या कामावरून पकडतात. एका नळीत केसीन आणि ट्रिप्सिन ठेवायचं. ठरावीक वेळाने त्यात एक कडक आम्ल टाकायचं, त्याने न कापलेलं केसीन गठ्ठा होऊन खाली बसतं आणि कापलेले बारीक तुकडे पाण्यातच राहतात. ते तुकडे मोजले की कात्री किती चालली ते कळलं. आता दुसऱ्या नळीत हेच सगळं, फक्त वालाच्या अर्काचे थेंब जास्तीचे. तुकडे कमी झाले? मग अडवणारा याच थेंबांत आहे. प्रत्येक साक्यानंतर, प्रत्येक डायलिसिसनंतर पुन्हा हीच चाचणी. जिथे चाचणी जोरात येते तो भाग ठेवायचा, बाकी टाकायचं. किलोभर वालापासून सुरू करून शेवटी चिमूटभर हाती लागतं.

वालाचं दुसरं एक प्रोटीनही या विभागाने १९६० च्या दशकात वेगळं केलं, ते तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतं. त्याची चाचणी तर आणखी सोपी. पातळ केलेल्या रक्तपेशींत अर्काचा थेंब टाका आणि गुठळ्या होतात का बघा. ही दोन्ही प्रोटीन्स उष्णतेने बरीचशी निकामी होतात. घरातल्या बायकांना नावं माहीत नव्हती, पण वाल भिजवून नीट शिजवायचे हे पक्कं माहीत होतं.

नीरा

आपल्या भागातल्या वाचकांना यात जास्त रस असेल. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर काम हाती घेतलं आणि ते बरीच वर्षं चाललं. अर्नाळा-वसई पट्ट्यात ताडाचं झाड नवीन नाही. पहाटे उतरवलेला गोड रस म्हणजे नीरा, आणि ऊन चढेपर्यंत तो तसाच ठेवला तर ताडी. हा फरक हवेतल्या यीस्टमुळे आणि त्याच्या एन्झाइम्समुळे पडतो, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात.

नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात व्हिटॅमिनं आणि लोह किती, गूळ करताना त्यातलं किती टिकतं, हे त्यांच्या गटाने मोजलं. मग आदिवासी समाजातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा देऊन पाहिली, तब्येतीत चांगला फरक दिसला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पाच्याही त्या सल्लागार होत्या.

एवढं सगळं असूनही इन्स्टिट्यूटचं संचालकपद त्यांना अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षं उशिराच मिळालं. १९३३ च्या दारापेक्षा हे दार कमी उघडपणे बंद होतं, एवढाच फरक.

मग जेल आली

१९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, उलरिक लेमली यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली जी आज प्रत्येक बायोटेक लॅबमध्ये चालते: एस.डी.एस. पेज. प्रोटीनला एस.डी.एस. नावाच्या साबणासारख्या रसायनात उकळायचं. त्याची घडी उलगडते आणि त्यावर सगळीकडे ऋण भार चढतो. मग जेलीसारख्या पातळ थरातून वीज सोडायची. लहान प्रोटीन जाळीतून पटकन पुढे पळतं, मोठं मागे अडकतं. कुमासी ब्लू या मूळच्या लोकर रंगवायच्या रंगाने रंगवलं की निळे पट्टे दिसतात. १९७९ मध्ये वेस्टर्न ब्लॉट आला. जेलवरचे पट्टे कागदासारख्या पडद्यावर उतरवायचे आणि अँटिबॉडी लावून हवा तोच पट्टा शोधायचा.

कमलाबाईंना महिने लागत ते दुपारभरात व्हायला लागलं. पण या वेगाची एक किंमत आहे आणि ती प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये क्वचितच लिहिलेली असते. एस.डी.एस.मध्ये उकळलेलं प्रोटीन सहसा मेलेलं असतं. जेल सांगते की २० किलोडाल्टनच्या जागी काहीतरी आहे. ते ट्रिप्सिनला अडवतं का, हे ती सांगत नाही. मी स्वतः शिकताना एकदा सुंदर, एकच एक निळा पट्टा मिळवला होता आणि शुद्ध एन्झाइम मिळालं म्हणून खूश होतो. चाचणी लावली तर काम शून्य. पट्टा भलत्याच प्रोटीनचा होता. केसीनची नळी आधी लावली असती तर दोन आठवडे वाचले असते.

निवृत्तीनंतर त्यांची चाचण्यांची सवय दुसरीकडे कामाला आली. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली होती, कमलाबाई तिच्या खंद्या कार्यकर्त्या बनल्या. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची, काय तपासायचं, हे त्या संस्थेच्या कीमत या मासिकात साध्या भाषेत लिहीत राहिल्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. १९९८ च्या जूनमध्ये त्यांचं निधन झालं.

प्रॅक्टिकलमध्ये मार्करच्या बाटलीवर कधी सायटोक्रोम सी, साधारण १२ किलोडाल्टन, असं लिहिलेलं दिसेल. ते बहुधा घोड्याच्या हृदयातून काढलेलं असतं. बटाट्यातलं त्याचंच भावंड.